साईशचं कोपर

साईश गावसच्या कुठल्याही फिल्ममध्ये नीट पाहिलंत तर कडेला एक कोपर दिसतं. कधी नायिकेच्या खांद्यामागून, कधी तुळशीच्या आडून, एकदा तर चक्क देवघरातून. ते कोपर साईशचं. क्लॅप तोच मारायचा, 'अॅक्शन' तोच म्हणायचा, आणि कॅमेऱ्यासमोरून बाजूला होताना त्याला हमखास दिसायचं की नायिकेची बट डोळ्यावर आलीय किंवा पाट वाकडा मांडलाय. ते सारखं करायला तो परत हात घालायचा, आणि तेवढ्यात कॅमेरा सुरू झालेला असायचा.

पणजीला फिल्मच्या कोर्सला आम्ही एका वर्गात होतो. मी अंकिता, पेडण्यातल्या कोरगावची, कॅमेरा शिकायला आलेली. रोशन आवाज शिकायला आला होता. साईश डिचोलीकडचा, आणि तो दिग्दर्शन शिकत होता असं कागदोपत्री तरी होतं. प्रत्यक्षात तो सगळंच शिकत होता, आणि आमच्या हातातून काढून घेऊन शिकत होता.

"राव गो, हांव करतां." थांब, मी करतो. हे त्याचं पालुपद. मी ट्रायपॉड उभा करायला घेतला की, "राव गो, हांव करतां." रोशनने हेडफोन कानाला लावला की, "राव रे, हांव करतां." जेवायच्या सुट्टीत उंड्यांची, म्हणजे कडक गोल पावांची, पिशवी आली की तीही ह्याच्याच ताब्यात. प्रत्येकाच्या उंड्यात भाजी स्वतः भरून द्यायचा, आणि त्यात त्याचा पाऊण तास जायचा. भाजी मात्र सगळ्यांना सारखी मिळायची, हे कबूल केलं पाहिजे.

पहिल्या वर्षीच्या फिल्ममध्ये त्याने स्वतःच्या आईला आईचं काम दिलं होतं. काकी रगड्यावर वाटण वाटत होत्या. साईश तीनदा उठून गेला, पदर नीट केला, बसणं बदललं, हात कसा फिरवायचा ते वाटून दाखवलं आणि शेवटी म्हणाला, "आई, जरा आईसारखं कर गो." काकींनी हात थांबवला. "मगे इतलीं वर्सां हांव कोण आसलीं रे?" रोशन हेडफोनसकट मागच्या पडवीत पळाला आणि तिथे पोटभर हसून परत आला.

त्या फिल्मची श्रेयनामावली वर्गात गाजली. दिग्दर्शन, छायांकन, ध्वनी, संकलन, रंगभूषा आणि जेवण: साईश गावस. आभार: अंकिता, रोशन. आमच्या सरांनी दिवे लावले आणि म्हणाले, "साईश, ह्यांचे आभार कशाबद्दल?" साईशने प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, ते सोबतीला होते." मला तेव्हा राग आला होता. कॅमेरा शिकायला घरच्यांशी भांडून आलेल्या मुलीला 'सोबतीला' म्हणणं म्हणजे फारच झालं.

एकदा आमच्या गावी, काजूच्या बागेत शूटिंग होतं. पलीकडच्या शेतात पंप चालू होता. पंप बंद करायला सांगायचं म्हणून रोशन निघाला, तर "राव रे, हांव करतां" म्हणून साईश स्वतः धावला. पंपवाला घरी जेवायला गेला होता, म्हणून हा त्याच्या घरी गेला, तिथे त्यांनी ह्याला बसवून सोलकढी पाजली. इकडे आमचा नट काजूखाली आडवा झाला आणि झोपला. त्याच्या तोंडावर पानांची सावली हलत होती. मी कॅमेरा लावला, रोशनने माईक धरला, आणि कुणाचीही परवानगी न घेता आम्ही तो शॉट घेतला. अख्ख्या फिल्ममध्ये तेवढाच शॉट सरांना आवडला. साईशने मला विचारलं, "हा मी कधी घेतला गो?"

एवढं असूनही आम्ही त्याला सोडून गेलो नाही. माणूस लोभी नव्हता. दुसऱ्याचं काम घेऊन त्याला मोठेपणा नको असायचा. कुणी काहीतरी उचलताना, वाकताना, दमताना दिसलं की ह्याला बसवतच नसे. हे कुठून आलं ते मला शेवटच्या वर्षी कळलं, आणि कळून फारसा उपयोग झाला नाही.

शेवटच्या फिल्मचा विषय होता त्याच्या वडिलांची गाडी. गाडी म्हणजे खाणीवरचा ट्रक. साईश जन्मला त्या वर्षी काकांनी तो घेतला आणि कपाळावर रंगवून घेतलं, 'साईश'. खाणी बंद पडल्या तेव्हा तो घराशेजारच्या फणसाखाली उभा राहिला तो राहिलाच. काका दुसऱ्यांच्या पिकअप चालवायला लागले. आता खाणींचं परत काही काही सुरू होतंय, पण ह्या गाडीचं वय उलटून गेलेलं. चाकांतून वेली वर चढल्या होत्या. शेवटी काकांनी ती भंगारवाल्याला दिली, फक्त एक अट घातली: घरातून ती ओढत न्यायची नाही. खाणीच्या जुन्या गेटपर्यंत ती मी स्वतः चालवत आणीन, तिथून तुम्ही न्या.

तीच शेवटची फेरी आम्हाला चित्रित करायची होती. आदल्या दिवशी मी काकांना विचारलं, गाडीत तुमच्याबरोबर कोण असायचं? "क्लीनर आसलो. खाण बंद जाली, तो गेलो घरा," काका म्हणाले. "मागीर हो आसलो." नंतर हा, असं सांगत त्यांनी साईशकडे मान हलवली. उभी गाडीसुद्धा काका आठवड्याला धुवायचे, टायर बघायचे, इंजिन जरा वेळ चालू ठेवायचे. आता क्लीनर नाही, कोण करणार, असं एकदा ते स्वतःशीच बोलले, तर शाळेच्या कपड्यातला साईश बादली घेऊन आला आणि म्हणाला, "राव पप्पा, हांव करतां." काका हे हसत सांगत होते. साईश बोनेट पुसण्यात गुंतला होता, पण तेच ते बोनेट तो पुन्हा पुन्हा पुसत होता.

तेव्हा मी मनाशी ठरवलं की फ्रेम दोघांची लावायची. डॅशबोर्डवर कॅमेरा बसवला, तोंड आत. स्टिअरिंगपाशी काका, बाजूला क्लीनरची सीट. साईशला बोलावून दाखवलं. "हे बघ. तू इथे बस. काहीही करू नकोस. बाहेरचा कॅमेरा मी घेते, आवाज रोशन बघतो. तुझं काम एवढंच, पप्पांच्या बाजूला बसायचं." त्याने मान डोलावली. मी त्याला शपथसुद्धा घालायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गाडीची बॅटरी जोडून ट्रक सुरू केला. मेकॅनिकने बजावलं होतं, मध्ये बंद पडली तर परत उठायची नाही. त्यामुळे इंजिन धडधडत ठेवून काका वर बसले. त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने बाजूची सीट पुसली, फडकं घडी करून तिच्यावर ठेवलं आणि हाक मारली, "साईश, यो रे. सीट पुसल्या हांवें."

"राव पप्पा, येतां."

तो आला नाही. आधी डॅशबोर्डवरचा कॅमेरा मी घट्ट बसवलाय की नाही ते बघितलं. मग रोशनची वायर दाराच्या फटीत अडकेल असं त्याला वाटलं, ती काढून दुसऱ्या बाजूने नेली. मग चाकाला अजून एक वेल अडकली होती, ती तोडली. काकांनी परत हाक मारली. परत तेच, "राव पप्पा." मी रोशनच्या स्कूटरवर मागे बसले होते, कॅमेरा माझ्या खांद्यावर. साईश माझ्याकडे आला. "वळणावर तुला फोकस जमचो ना गो. दी, हांव करतां." म्हणजे मला ते जमणार नाही.

"साईश, तू गाडीत बस."

"वळणापर्यंत फक्त. तिथून चढतो."

त्याने कॅमेरा घेतला, मला उतरवलं आणि स्वतः बसला. इंजिन खोकायला लागलं होतं. काकांना थांबणं शक्य नव्हतं. त्यांनी एकदा खिडकीतून मागे पाहिलं आणि गियर टाकला.

वळणावर त्याला उजेड आवडला, म्हणून अजून एक शॉट घेतला. मग म्हणाला, चढावाच्या वर चढतो. चढावाच्या वर गाडी आली तेव्हा तो पुढच्या शॉटसाठी पुढे निघून गेला होता. मी चालत गेटपाशी पोचले तोवर भंगारवाल्याची क्रेन हूक लावत होती. काका खाली उभे होते. साईश क्रेनचं चित्रण करत होता. ते झाल्यावर त्याने कॅमेरा खाली घेतला, धावत ट्रकच्या डाव्या दारापाशी गेला, आणि भंगारवाला ओरडला, "अरे बाब, आता नको, हूक लागलाय!"

साईशचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. मग त्याने तो काढून घेतला.

संकलनाला आम्ही तिघं बसलो. आतल्या कॅमेऱ्याचं फुटेज सुरू झालं. मी लावलेली दोघांची फ्रेम, आणि तिच्यात एकटे काका. बाजूच्या सीटवर घडी केलेलं फडकं. काका रस्त्याकडे बघत होते. पहिला मोठा खड्डा आला तसा त्यांचा डावा हात गियरवरून सुटला आणि रिकाम्या सीटसमोर आडवा गेला, लहान मूल पुढे आपटू नये म्हणून धरतात तसा. खड्डा गेला, हात परत गियरवर. पुढच्या खड्ड्याला पुन्हा तसंच. त्यांना स्वतःला ते माहीत नव्हतं. गेटपर्यंत रस्ता खड्ड्यांचाच होता.

साईशने ते बघितलं आणि माऊस माझ्याकडे सरकवला. "तू काप गो," म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने मला काही करायला दिलं होतं, आणि मला ते घेववेना. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. त्या दिवशी स्कूटरवरून मी उतरायलाच नको होतं, असं कितीदा मनात येतं.

फिल्म दाखवली त्या दुपारी बाहेरगावचे परीक्षक आले होते. काका मागच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. फिल्म संपली. परीक्षक खूश झाले. "ती रिकामी सीट! एका पिढीने दुसऱ्या पिढीपासून दूर जाणं किती संयमाने दाखवलंय. ही कल्पना कुणाची?"

साईश उभा राहिला. श्रेयनामावली ह्यावेळी त्यानेच लिहिली होती आणि प्रत्येक नाव आपापल्या जागी होतं. "फ्रेम अंकिताची, सर. तिने ती दोघांची लावली होती. आवाज रोशनचा." मग म्हणाला, "ती सीट माझी. मी बसलो नाही."

परीक्षकांनी मान हलवून काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "बरी जाल्या रे. गाडी बरी दिसता." मग थोडं चाचरत, "पूण तू खंयच दिसलो ना."

खरंच होतं. ज्याचं कोपर देवघरातसुद्धा दिसायचं, तो ह्या एका फिल्ममध्ये कुठेच नव्हता. रोशन बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. साईश म्हणाला, "चुकलें पप्पा."

तेव्हापासून आमच्या शूटिंगला साईश खुर्चीत बसतो, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. परवा मांद्र्याला माझा ट्रायपॉड वाळूत कलायला लागला तर त्याचे खांदे उचलले गेले, पण हात बाहेर आले नाहीत. "अंकिता, तुझें तू पळय गो," तुझं तू बघ, एवढंच कसंबसं म्हणाला. मी त्याच्याकडे बघून हसले खरी, पण जुनं कोपर मला आठवलं. ते परत दिसलं असतं तर मी रागावले नसते.

फिल्म दाखवली त्या दुपारी मात्र काका आणि साईश स्कूटरवर घरी निघाले. साईशने चावी लावली, हेल्मेट घातलं, आणि मग खाली उतरला. हेल्मेट काढून वडिलांच्या हातात दिलं. "पप्पा, तू चलय. हांव फाटल्यान बसतां."

काका म्हणाले, "तुका जाय तर." तुला हवं असेल तर. ते पुढे बसले, साईश मागे. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं, शेवटी त्याने ते मांडीवर ठेवले. आम्ही फाटकापाशी उभे होतो. तिथल्या गतिरोधकावर स्कूटर आली, हळू झाली, आणि काकांचा डावा हात हँडलवरून सुटून मागे गेला. साईशने तो दोन्ही हातांनी धरला.