आमटीतला एक मोल

"मोल कळला की जगात काही म्हणता काही अडत नाही!" विद्युल्लताबाई दहावीच्या वर्गाला रोज बजावायच्या. बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आलेल्या बाई सकाळच्या बसनं बेळगावहून येळ्ळूरकडच्या एका गावात यायच्या आणि हायस्कुलात पाऊल टाकताच फळ्याला भिडायच्या. आत्मविश्वास असा, की बस चुकली तर चूक बसची!

वर्गाला मात्र मोल काही पचत नव्हता.

"अठरा ग्रॅम पाणी म्हणजे पाण्याचा एक मोल," बाई म्हणाल्या, की कल्याणी उठायची. वर्गातली सगळ्यात आगाऊ पोरगी!

"पर बाई, आमच्यात पान्याला मोल न्हाय. फुकटच भरतोय की हिरीवरनं!"

"अगं, मोल म्हणजे किंमत नव्हे! माप! आंब्याचा डझन असतो ना, तसा रेणूंचा मोल!"

"मग डझनच म्हना की!"

वर्ग खिदळायचा आणि बाई फळा पुसायच्या.

अशात प्रयोगशाळेच्या मंजुरीसाठी बेळगावहून तपासणीचे साहेब येणार असं कळलं. शाळेची आतापर्यंतची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यात एक तराजू, चार परीक्षानळ्या आणि झुरळांचं कुटुंब! साहेब खूश झाले तरच खोली मिळणार होती. हेडमास्तर हरिभाऊंनी पुरणपोळीचा बेत ठरवला. गावची प्रतिष्ठित मंडळी धरून शंभरेक पानं. शाळेच्या मागच्या पडवीत स्वयंपाकाच्या शालूबाईंनी कटाच्या आमटीचं भलंमोठं पितळी पातेलं चुलीवर चढवलं, चिंचेचा कोळ घातला आणि त्या कोथिंबीर आणायला गेल्या.

तेवढ्यात हरिभाऊ आले. बाजूला कोळाचं आणखी एक भगुलं होतं. "विसरल्या वाटतं!" म्हणत त्यांनी तेही पातेल्यात रिकामं केलं.

शालूबाईंनी परत येऊन पळीभर आमटी चाखली. एक डोळा मिटला, तो उघडेचना!

"आगाई गं! दुसरा कोळ कुणी वतला?"

"मी! तुम्ही विसरला होता ना?"

"विसरीन कशी? मी घालूनच गेलते की! ह्यो चटणीसाठी ठेवल्याला!"

हरिभाऊ मटकन खाली बसले. "आता प्रयोगशाळा गेली! साहेब एवढ्यात येतील हो!"

गलका ऐकून विद्युल्लताबाई धावत आल्या. त्यांनी आमटी चाखली. त्यांचे कान हलले, पण चेहरा उजळला!

"उठा सर! हे तर नुसतं आम्ल आहे. आम्लाला खायचा सोडा मारायचा. किती मारायचा, ते आपलं शास्त्र सांगतं! कल्याणी, वर्गाला बोलाव. फळा इकडं आणा!"

फळा पडवीत आला. बाईंचा खडू सुटला! जास्तीची चिंच पाऊण किलो, तिच्यात दहावा हिस्सा आम्ल, म्हणजे पंचाहत्तर ग्रॅम. चिंचेच्या आम्लाचा एक मोल दीडशे ग्रॅमचा, म्हणजे हा झाला अर्धा मोल. आम्लाच्या एका मोलाला सोड्याचे दोन लागतात, म्हणून अर्ध्याला एक.

"सोड्याचं सूत्र NaHCO₃! एक मोल किती?"

"चौऱ्याऐंशी ग्रॅम!" वर्ग गरजला. आयुष्यात पहिल्यांदाच!

कपाटातल्या तराजूवर सोडा तोलला गेला. मागून कानडी हेलात आवाज आला, "भाळ चलो! फारच छान! असं शिकवायला पाहिजे बघा!" साहेब ठरल्या वेळेआधीच येऊन उभे होते. पांढरी शुभ्र विजार, चेहऱ्यावर कौतुक! जवळून बघायला ते थेट पातेल्यापाशी सरकले.

"पर बाई," कल्याणी म्हणाली, "समीकरणात उजवीकडं कार्बन डायऑक्साइड बी हाय. त्यो कुठं जानार?"

"हवेत! तुला काय करायचंय त्याचं?" म्हणत बाईंनी सगळा सोडा एकदम उकळत्या आमटीत ओतला.

मग पातेल्यातून 'फस्स' असा आवाज आला आणि आमटी उठली! रुसलेला जावई जसा भरल्या ताटावरून उठतो, तशी कुणाचंही न ऐकता उठली. काठावरून उतरली, चूल विझवली, फळ्याचे पाय धुतले आणि साहेबांच्या विजारीवरून गुडघ्याखाली ओघळली!

"अय्यो! एन्री इदु? काय हो हे?" साहेब एका पायावर नाचू लागले.

"एक मोल वायू, सायेब!" कल्याणी ओरडली. "बावीस पूर्णांक चार लिटर! आन् आमटी तापल्याली म्हनून आनखी जास्त!"

साहेब नाचायचे थांबले. "आणि सोडा अर्धाच घातला असता तर?"

"अर्धा मोल! अकरा पूर्णांक दोन!" अख्खा वर्ग ओरडला. महिनाभर फळ्यावर न कळलेला मोल आमटीनं एका दमात शिकवला होता!

साहेब हरिभाऊंचं धोतर नेसून जेवले. पुरणपोळी दुधाशी खाल्ली. जाताना म्हणाले, "प्रयोगशाळा मंजूर! बाईंना स्वयंपाकापासून लांब ठेवायला दुसरा इलाज नाही."

विद्युल्लताबाईंनी हे कौतुक म्हणूनच घेतलं. बसची वेळ झाली तेव्हा त्या ताठ मानेनं पडवीत आल्या. शालूबाई पातेलं घासत होत्या.

"बघितलंत शालूबाई? शेवटी रसायनशास्त्रच कामाला आलं!"

"व्हय बाई, खोटं कशाला बोलू?" शालूबाई पातेलं उन्हात फिरवत म्हणाल्या. "जिथनं जिथनं आमटी वघळली, तिथलं पितळ कसं लख्ख निघालंय! आता पुढच्या खेपंला आमटी करू नगा. भांडी घासायलाच या!"