डिसेंबरचा बेवारस ठिपका

आलेख काढावा तर काटेकोररावांनी, असं रुग्णालयाच्या आकडेवारी विभागात सगळे मानत. सर्वांत आधी स्वतः काटेकोरराव मानत. हे नाव आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, पण स्वकष्टानं कमावलेलं असल्यामुळे त्यांना ते जास्त प्रिय होतं.

वर्षभरात वॉर्डात किती रुग्ण खाटेवरून पडले, याचा आलेख त्यांना बुधवारच्या बैठकीत दाखवायचा होता. आर नावाच्या संगणकी भाषेनं आडव्या रेघेवर आपल्या मनानं दोन, चार, सहा अशा खुणा टाकून दिल्या. "याला काही शेंडा ना बुडखा," असं म्हणत काटेकोररावांनी त्या बंद केल्या आणि स्वतःच्या खुणा मांडायला बसले. दोन दिवस बसले. खुणांची लांबी ठरली, टोकं आत वळली, बारा महिन्यांची नावं एका कलात झुकली. पहिली खूण, म्हणजे जानेवारीची, अर्थातच शून्यावर. पट्टी शून्यापासून सुरू होते, हे ते वर्षानुवर्षं सगळ्यांना ऐकवत आले होते. महिन्यांच्या आकड्यांचे ठिपके मात्र एकपासून बारापर्यंत होते. एवढ्या किरकोळ गोष्टीकडे बघायला त्यांना सवड झाली नाही.

बैठकीला वॉर्डच्या हेड सिस्टरही होत्या, म्हणजे काटेकोररावांच्या पत्नी.

"एप्रिलमध्ये एकदम चौदा रुग्ण पडले," अधीक्षक म्हणाले. "सिस्टर, वॉर्ड तुमच्याकडे एप्रिलमध्येच आला ना?"

"हो सर. पण ते चौदा मार्चमधले. ते ऐकूनच मी आल्याआल्या खाटांना कठडे लावून घेतले."

"आलेख तसं म्हणत नाही."

सगळ्यांनी काटेकोररावांकडे पाहिलं. "आकडे नातंगोतं बघत नाहीत," ते गंभीरपणे म्हणाले. आपल्या निःपक्षपातीपणानं त्यांचा ऊर भरून आला होता.

"मग वॉर्ड दुसऱ्या कोणाकडे द्यावा लागेल," अधीक्षकांनी पेन उघडलं.

सिस्टर उठून पडद्यापाशी गेल्या. शेवटच्या ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हा कोणत्या महिन्याचा?"

"डिसेंबरचा."

"डिसेंबर लिहिलंय ते तर याच्या एक घर अलीकडे. याच्याखाली काहीच नाही. आणि इकडे जानेवारीच्या डोक्यावर ठिपकाच नाही. अहो, सगळे महिने एकेक घर मागे सरकलेत."

भर बैठकीत 'अहो' ऐकूनही कोणी हसलं नाही. काटेकोररावांना दोष संगणकावर ढकलणं सोपं होतं, कोणाला कळलंही नसतं. पण समोर ती उभी होती, पाच वर्षं रात्रपाळ्या करून मिळवलेला वॉर्ड हातचा जाऊ नये म्हणून.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "संगणकानं खुणा बरोबर टाकल्या होत्या. मी त्या पुसल्या."

अधीक्षकांनी पेनाला टोपण लावलं.

संध्याकाळी दोघं बसथांब्याकडे चालली होती. थांबा जवळ आला. शेवटी काटेकोररावांना राहवेना.

"दिसायला तरी छान होता ना आलेख?"

"फार छान होता," ती म्हणाली. "म्हणून तर कोणी माझ्यावर विश्वास ठेवला नाही."