दादाचं माप

"भाऊजी, यांना यंदा कार्निव्हलमध्ये मासा व्हायचंय. शिवून द्याल? कुणी शिवला ते मी सांगायची नाही," वहिनी म्हणाली, आणि शिंप्याची कात्री कापडातच थांबली.

थोरला भाऊ बेकरीवाला. कित्येक वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. वडिलांचं शिलाई मशीन त्यानं न विचारता विकलं, म्हणून शिंपी भर बाजारात ओरडला होता, "आजपासून तू मला मेलास!" मशीन खरं तर मोडकंच होतं. चालली ती फक्त शिंप्याची जीभ. ते वाक्य त्याला अजून जेवताना आठवे आणि तो ताटावरून उठे.

"यांचं माप आणू?"

"दादाचं माप? झोपेत सांगेन!"

त्यानं एकेक खवला हातानं टाचला. मिरवणुकीत सगळ्यांचीच तोंडं झाकलेली; तिथंच माफी मागायची, असं त्यानं ठरवलं.

संध्याकाळी किनाऱ्यावर ढोल, पिपाण्या, नुसता धुडगूस. शिंपी खेकडा झाला होता. गर्दीत मासा दिसताच तो दोन पऱ्या आणि एक समुद्री चाचा आडवे पाडत तिथं पोचला.

"दादा, मी नालायक आहे रे! तोंडाला येईल ते बोललो. माफ कर."

माशानं मान डोलावली. खेकडा आणखीच विरघळला.

"आणि लहानपणी तुझी सायकल विहिरीत मीच ढकलली होती!"

त्यानं माशाला घट्ट मिठी मारली. गुदमरून माशानं डोकं उतरवलं. आत न्हावी!

"थांबलात का? बोला की! तुमच्या दादांना हा चढेचना. पोटावर बटणं लागेनात. म्हणाले, शिवणाऱ्यानं मला कधी बघितलंय तरी का? आणि मला देऊन टाकला."

शिंपी मटकन वाळूत बसला. इतक्या वर्षांत दादा बदलला असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. एकाच गावात राहून त्यानं भावाकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

न्हाव्याला कळलं म्हणजे गावाला कळलं. सकाळी दुकानाच्या दारात दादा उभा. केस पिकलेले, पोट सुटलेलं.

"सायकल तू ढकललीस होय रे?"

"हो."

"आणि मार खाल्ला मी त्यापायी. घे आता माप."

छातीचं माप घ्यायचं तर दोन्ही हात पाठीमागून फिरवावे लागतात. शिंप्यानं फिरवले. टेप पुरली, पण हात काही मागे येईनात.

"किती भरलं?" दादानं विचारलं.

शिंप्याला आकडा दिसतच नव्हता.

"चुकलं, दादा. पुन्हा घेतो."

"घे. मला कुठं घाई आहे?"