एकेचाळीस कोटी शेजारी

सोमवारी सकाळी साडेदहाला कातळवाडीच्या डोंगराचे एकेचाळीस कोटी बिंदू फाइलीतून उतरून मोजणी कार्यालयात पत्ता मागायला आले. विमानातून लेसर सोडून टिपलेले बिंदू ते, पिठासारखे बारीक. त्यामुळे गर्दी अशी वाटली नाही. फक्त व्हरांड्यात पाऊल ठेवायला जागा उरली नाही.

खिडकीवर कुमुद गोठणकर होत्या. डोंगराला भेग गेली होती. कोणती घरं रिकामी करायची, ती यादी तहसीलला चारच्या आत हवी होती. संगणक मात्र एकोणीस तास सांगत होता.

"उशीर आमच्यामुळेच होतोय, बाई," सर्वांत पुढचा बिंदू म्हणाला. "लेसर लागला त्या क्रमानं आम्हाला फाइलीत कोंबलंय. मी कौलावरचा, आणि शेजारी कोण, तर पलीकडच्या ओढ्यातला धोंडा! एका घराची चौकशी आली, की एकेचाळीस कोटींना उठवून विचारतात. आम्हाला जागेप्रमाणे पत्ते द्या."

बाईंना ते पटलं. कार्यालयाचे प्रमुख तोरस्कर साहेबांनी मंजुरी दिली, पण अर्जावर सगळ्यांच्या सह्या मागितल्या. बिंदूची सही म्हणजे टिंबच. अर्ज दोन्ही बाजूंनी काळा झाला.

मग बाईंनी हॉलच्या फरशीवर खडूने एक मोठा चौकोन आखला. त्याचे चार खण केले. जिथे दाटी झाली, त्या खणाचे पुन्हा चार. उघड्या कातळाला एकच मोठा खण पुरला. झाडाझुडपांत खडू झिजून गेला. प्रत्येक खणाला नंबर पडला आणि बिंदू आपापल्या जागी जाऊ लागले. "अरे, तू इथेच होतास होय!" असं जिकडेतिकडे ऐकू येत होतं. बाईंना उगीच भरून आलं.

अडीच वाजता फणसाखालच्या खणातून तक्रार आली. तिथल्या नऊ बिंदूंची नोंद 'फांदी' अशी होती.

"एकेकटे होतो तोवर आम्हीही मानलं," ते म्हणाले. "आता शेजारी बसलो तर एका रेषेत आहोत. फांदी एवढी सरळ असते का?"

बाईंनी पट्टी लावली. ते छप्पर होतं. दप्तरातल्या नोंदीप्रमाणे भेगेखाली सहा घरं होती; हे सातवं.

"नोंद नसलेलं घर यादीत कसं घालायचं?" साहेब म्हणाले.

"ते स्वतः सांगताहेत, साहेब."

साहेब चष्मा लावून उकिडवे बसले. "नक्की ना?"

"नक्की," नऊ जण एकदम म्हणाले. साहेबांनी सहाचे सात केले.

सातव्या घरात धाकू पाडावे हा बुरूड एकटाच राहत होता. पोलीस पाटलांनी त्याला संध्याकाळी जवळजवळ उचलूनच खाली आणलं. मंगळवारी दरड आली. खाली कोणीच नव्हतं.

बुधवारी धाकू कार्यालयात आला. "माझ्या घराचं काय उरलंय, बाई?"

बाई खिडकीमागून उठून बाहेर आल्या. त्यांनी त्याला हात धरून फणसाखालच्या खणापाशी नेलं.

"या काका," नऊ बिंदू सरकून म्हणाले.

धाकू जपून खाली बसला. त्याने वर पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं.

"गळतंय का कुठं?"

"नाही. कोरडं आहे."

धाकूने खांद्यावरचा टॉवेल दुमडून उशाला घेतला.