कासवआबांची मृत्यूची तारीख

एका जंगलात, मुलांनो, शाळा होती. जंगलात शाळा कशाला, असं विचारू नका. तुमच्या गावात कशाला आहे, हे तुम्ही कधी विचारलंत?

तिथे सातवीला बगळेबाई मराठी शिकवत. एका पायावर उभ्या राहून, डोळे मिटून शिकवत. एकदा त्यांनी प्रकल्प दिला. पाणी या विषयावरच्या दहा कवितांचा संग्रह करायचा. मुखपृष्ठ हवं, अनुक्रमणिका हवी, ऋणनिर्देश हवा. प्रत्येक कवितेखाली कविपरिचयाची चौकट हवी, तिच्यात चार रकाने: नाव, चित्र, जन्म, मृत्यू. प्रकल्प नाही तर आठवी नाही.

मुलांचे प्रकल्प नेहमीप्रमाणे त्यांच्या आयांनी केले. माकडिणीने मुखपृष्ठावर चमकी चिकटवली. हरिणीने मोत्यांची नक्षी केली. कविता मात्र सगळ्यांनी गेल्या वर्षीच्या सशाच्या वहीतून उतरवल्या, आणि सशाने त्या त्याच्या बहिणीच्या वहीतून उतरवल्या होत्या. त्या वहीत चौथी कविता वाळवंटावर होती. ती सगळ्यांच्या वहीत चौथीच राहिली. आतलं वाचायचं नसतं, एवढं आयांनाही ठाऊक होतं.

टिटवीच्या आईला मात्र सवड नव्हती. ती दिवसभर उघड्या माळावर अंडी राखत बसे. टिटवी एकदा सातवीत नापास झाली होती. यंदा पुन्हा झाली तर शाळा बंद आणि अंडी राखायला बसायचं, असं आईने सांगून ठेवलं होतं. ती काही दुष्ट नव्हती, थकलेली होती.

टिटवीने नऊ कविता पुस्तकांतून शोधल्या. दहाव्या कवितेसाठी ती तळ्यावरच्या कासवआबांकडे गेली. आबा स्वतःची गाणी रचत आणि स्वतःशीच म्हणत. दोन ओळींमध्ये ते इतके थांबत, की एक गाणं उतरवायला तिला तीन दुपारी लागल्या.

तळं आटलं आटलं, नका मारू गं हाका,
पाणी निजलंय खाली, पाय हळूच टाका.

मला विचाराल तर अख्ख्या वर्गाच्या वह्यांत तेवढ्याच दोन ओळी ओल्या होत्या. पण मला कोण विचारतो?

बगळेबाईंनी वही चाळली आणि शेवटच्या पानावर चोच टेकवली.

"मृत्यूचा रकाना रिकामा आहे."

"बाई, ते जिवंत आहेत."

"मग ते कवी कसे? रकाना भरून आण, नाहीतर शून्य."

टिटवी रडत तळ्यावर गेली. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ विचार केला.

"गेल्या मंगळवारची तारीख टाक," ते म्हणाले. "मंगळवारी मला तसंही काही काम नव्हतं."

तिने टाकली. वीसपैकी वीस गुण मिळाले.

एवढ्यावर थांबली तर ती शाळा कसली? आपल्याच जंगलात कवी होऊन गेला आणि गेलासुद्धा, म्हणजे मानपानाचा प्रश्नच मिटला, याचा सगळ्यांना फार आनंद झाला. शोकसभा ठरली. अध्यक्ष हत्ती. त्यांनी दिवंगत कवीच्या सहवासाबद्दल अर्धा तास भाषण केलं. खरं तर ते एकदा तळ्यावर चुकून आबांच्या पाठीवर उभे राहिले होते, तेवढाच सहवास.

आपलं गाणं मुलांच्या तोंडून ऐकायचं म्हणून आबा सकाळीच निघाले होते. ते पोचले तेव्हा गाणं सुरू झालं होतं. कवायतीच्या गुरुजींनी त्याला चाल लावली होती आणि मुलं दणादणा पाय आपटत 'पाय जोरात टाका' असं गात होती.

"हळूच," आबा मागून म्हणाले. "पाय हळूच टाका, असं आहे ते."

सभा थांबली. हा कोण, असं एकमेकांना विचारणं सुरू झालं. टिटवी व्यासपीठावर उभी होती, हातात आठवीचा दाखला. बगळेबाईंनी प्रथमच दोन्ही डोळे उघडले.

"टिटवे, तू यांना ओळखतेस?"

आबा तिच्याकडे बघून हसत होते. ओळखते म्हणावं तर तारीख खोटी, गुण खोटे, आणि उद्यापासून माळावर अंडी.

"नाही, बाई," टिटवी म्हणाली.

आबांनी मान हलवली, सावकाश, जसं ते सगळंच करत.

"बरोबर आहे पोरीचं," ते म्हणाले आणि त्यांनी डोकं आत घेतलं.

मग दोन स्वयंसेवकांनी वाटेतला दगड उचलावा तसं त्यांना उचलून बाहेर ठेवलं, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. टिटवी आता आठवीत आहे. पाणी प्यायला ती दूरच्या ओढ्यावर जाते.

तात्पर्य: मुलांनो, प्रकल्पासाठी जिवंत कवीची कविता कधी घेऊ नये. तो ती ऐकायला येतो.