दीडपट आत्या

"त्या डबीनं तुझ्या दोन कानांपलीकडे आजवर कुणाचं भलं केलंय, एक माणूस दाखव," आई म्हणाली. "नाहीतर परीक्षा होईपर्यंत ती माझ्या कपाटात आणि किल्ली माझ्या कमरेला."

डबी म्हणजे भिंगरीचा म्युझिक प्लेअर. मामानं वाढदिवसाला दिलेला, काड्यापेटीहून जरासा मोठा, निळाशार. भिंगरीच्या मते सांगितलेलं निमूट ऐकणारा घरातला तो एकमेव सदस्य होता. आणि आईच्या मते, भिंगरी सांगितलेलं निमूट ऐकत नाही याचं ते एकमेव कारण होतं. त्या दिवशी तर कहरच झाला. दूध उतू जाऊन ओट्यावरून फरशीवर ओघळलं आणि भिंगरी शेगडीशेजारीच उभी राहून मान डोलावत होती.

"गाणी नव्हते गं ऐकत! इतिहास होता."

"इतिहासावर मान डोलावतेस?"

"तहाची कलमं होती. त्यांना एक ठेका असतो."

खोटं नव्हतं ते. भिंगरीनं इतिहासाचे धडे स्वतःच्या आवाजात प्लेअरमध्ये भरून ठेवले होते. पण स्वतःचा आवाज ऐकून तिला स्वतःलाच जांभया यायला लागल्या, तेव्हा तिनं प्लेअरचा वेग दीडपट करून टाकला. आवाज तोच राहायचा, फक्त राजे भराभर गादीवर बसायचे आणि भराभर उतरायचे. प्लेअर बिचारा भोळा. एकदा दीडपट म्हटलं की इतिहास काय आणि गाणी काय, सगळ्यांना एकाच चाबकानं पळवायचा. भिंगरीच्या कानांना त्याची इतकी सवय झाली होती की उरलेलं जगच तिला रेंगाळल्यासारखं वाटायचं.

नेमकी त्याच वेळी वरच्या मजल्यावरची आत्या दारात उगवली.

"अगं वहिनी दूध गेलं का जाऊ दे माझं ऐक आज वर्गात काय फजिती झाली वाकले आणि सातावर श्वासच संपला आठ म्हणायला हवाच उरली नाही आणि डॉक्टरांच्या आई बिचाऱ्या तशाच वाकून राहिल्या मी आठ म्हटल्याशिवाय उठायचं कसं म्हणून!"

आत्या अशीच बोलायची. स्वल्पविराम तिच्या बोलण्यात पाहुण्यासारखा यायचा आणि पूर्णविरामाशी तर तिचं जन्माचं वैर होतं. इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये ती रोज सकाळी साठीपुढच्या बायकांचा व्यायामाचा वर्ग घ्यायची. आकडे तिनंच म्हणायचे, वाकायचंही तिनंच.

आलेली संधी सोडली असती तर ती भिंगरी कसली!

"आत्या, तुझे आकडे मी यात भरून देते! तू बोलूच नकोस. नुसती फिर आणि त्यांच्या चुका काढ."

"चुका काढायला मला आवडतंच," आत्या हरखून म्हणाली. आई दुधाचं फडकं पिळत राहिली. जरा जास्तच जोरात पिळत राहिली.

"बघ, झालं की नाही भलं?" भिंगरीनं विचारलं.

"बघू. पण वर्गातून एक तक्रार आली ना, एकच, तर डबी कपाटात."

संध्याकाळी भिंगरीनं आत्याला खुर्चीत बसवून सगळे आकडे भरून घेतले. आत्यानं प्रयत्नपूर्वक सावकाश बोलायचं ठरवलं, म्हणजे इतर माणसं साधारण बोलतात तसं. दुसऱ्या दिवशी शाळेला जायच्या धांदलीत भिंगरीनं प्लेअर आणि छोटा स्पीकर आत्याच्या हातात कोंबला. आणि वेग? तो होता तिथेच होता. दीडपट.

हॉलमध्ये काय झालं ते भिंगरीला पुढे तुकड्यातुकड्यानं कळलं. आत्यानं बटण दाबलं आणि तिचाच आवाज तिच्यावर धावून आला. "हातवर! एकदोनतीनचार! खाली! एकदोनतीनचार!" बायका लाह्यांसारख्या तडतडायला लागल्या. कुणाचा हात वर असताना कुणाचा पाय वर, कुणाचं दोन्ही, आणि चुका काढायच्या सोडून आत्याही त्यांच्यातच.

आता कुणीही विचारेल, एकीनं तरी म्हणावं की नाही, "अहो, जरा हळू"? पण तिथेच तर गोम होती. आत्याला वाटलं, 'हे आकडे कालच माझ्या तोंडून निघालेत. काल जमत होतं आणि आज जमत नाही, म्हणजे म्हातारपण मला आजच गाठायला आलं!' ती तशीच हात फेकत राहिली. वर्गात मोठ्या बाई होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका. 'जमत नाही' असं म्हणणाऱ्या मुलींना त्यांनी आयुष्यभर वर्गाबाहेर उभं केलं होतं, मग स्वतः कशा म्हणणार? आणि कोपऱ्यावरच्या शिवणकाकूंना वाटलं, बाईंना जमतंय तर मलाच काय धाड भरलीय?

"दमलात का हो बाई?" वर्ग संपल्यावर शिवणकाकूंनी मोठ्या आशेनं विचारलं.

"छे! मला तर आज जरा हळूच वाटलं," मोठ्या बाई खांबाला धरून म्हणाल्या.

संध्याकाळी भिंगरी धावत आत्याकडे गेली. "कसं झालं?"

"छान," आत्या म्हणाली.

एवढंच. छान. भिंगरीला खरं म्हणजे तिथेच शंका यायला हवी होती. बाबांना आली. ते घरी येऊन आईला म्हणाले, "ताईला बरं नाहीये का गं? आज तिनं मला बोलू दिलं."

मग जो तो आपलं म्हातारपण झाकायला लागला. डॉक्टरांच्या आईंनी मुलाकडून छाती तपासून घेतली. तो म्हणाला, "आई, ठणठणीत आहेस." त्या म्हणाल्या, "मग तुझी नळी बिघडली असेल." मोठ्या बाई दुपारी गच्चीवर एकट्याच सराव करायला लागल्या. एकदा शिवणकाकू वाळत घातलेले कपडे काढायला वर गेल्या, तर बाई दोन्ही हात भिरभिरवत उभ्या.

"काय करताय बाई?"

"कावळे हाकलतेय."

"कुठेत कावळे?"

"हाकलले ना!"

शिवणकाकूंनी मान डोलावली, कपडे काढले, आणि बाई खाली उतरल्यावर स्वतःही थोडे कावळे हाकलून घेतले.

रविवारी शाळा नव्हती, म्हणून भिंगरी प्लेअर आणायला खाली हॉलमध्ये गेली आणि दारातच थिजली. आतून आत्याचा आवाज सुसाट सुटला होता. डॉक्टरांच्या आईंचा अंबाडा सुटून मानेवर आपटत होता. मोठ्या बाईंचा चष्मा एका कानावर लोंबत होता. आणि आत्या, तिची लाडकी आत्या, लालबुंद तोंडानं हसत होती. दात दाखवावे लागतात म्हणून हसतात तसं.

भिंगरीला एकदम आठवलं. दीडपट! सांगावं, तर ती तक्रारच झाली की. तक्रार म्हणजे कपाट. न सांगावं, तर आज ना उद्या कुणाची तरी कंबर धरणार. आणि ताबडतोब नेहमीचा वेग लावावा, तर शेंबड्या पोरालाही कळेल की कालपर्यंत काहीतरी घोळ होता.

शेवटी तिनं एक युक्ती काढली. रोज संध्याकाळी प्लेअर हातात आला की गुपचूप वेग एकच पायरी खाली. कुणाला कळणारही नाही आणि कुणाची कंबरही जाणार नाही. भिंगरी स्वतःवरच इतकी खूश झाली की जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढली.

पण झालं भलतंच. वेग उतरायला लागला तशा बायका फुलायला लागल्या. दमल्याचं एकीनंही सांगितलं नव्हतं, बरं वाटल्याचं मात्र सगळ्यांनी सांगितलं.

"ताई, आज मला धाप म्हणून लागली नाही!"

"माझा गुडघा बघा, कसा लोण्यासारखा वळतोय!"

"हे सगळं तुमच्या शिकवण्यामुळे हो ताई."

आत्याचा आवाज परत आला, तोही व्याजासकट. शेजारच्या इमारतीतल्या बायका चौकशी करून गेल्या. आई म्हणाली, "तुझ्या डबीच्या हाताला गुण दिसतोय." भिंगरीनं हसून घेतलं. वेग एकदाचा नेहमीच्या जागी आला आणि तिनं ठरवलं, संपलं, आता पुन्हा त्या बटणाला हात म्हणून लावायचा नाही.

पण लगेच आत्या तोंड पाडून घरी आली. "काय सांगू गं प्रगतीच थांबली इतके दिवस रोज सोपं वाटायचं आता कालच्यासारखंच आज वाटतं आणि मोठ्या बाई म्हणतात प्रगतिपुस्तक एका जागी अडकलं की आम्ही घरच्यांना बोलावून घ्यायचो!"

घरच्यांना! म्हणजे आईला! भिंगरीनं त्याच संध्याकाळी आणखी एक पायरी उतरवली. मग आणखी एक. एकदा उतरायला लागल्यावर थांबायचं कुठे तेच तिला कळेना, कारण प्रत्येक पायरीला खालून टाळ्या ऐकू येत होत्या. पाऊणपट झालं, तेही मागे पडलं. तिकडे इतिहासाचे हाल कुत्रा खाईना. मध्येच वेग बदलला आणि सकाळी परत लावायला विसरले तर, या भीतीनं तिनं तो तसाच ठेवला होता. राजा गादीकडे निघाला की भिंगरीचं जेवण होऊन हात धुऊन व्हायचे, हा आपला अजून पायरीवरच.

आणि मग आत्यानं जाहीर केलं की इमारतीतल्या सगळ्यांसमोर वर्गाचं प्रात्यक्षिक होणार.

हॉल गच्च भरला. आई पहिल्या रांगेत बसली. भिंगरीला आदल्या संध्याकाळी वाटलं होतं की वेग जरा वाढवावा, पण सगळ्यांसमोर बायकांना पुन्हा धाप लागली तर? तिनं हात मागे घेतला होता. आत्यानं ऐटीत बटण दाबलं.

"हा... त... व... र," स्पीकर म्हणाला. आणि बराच विचार करून म्हणाला, "ए... क..."

बायकांचे हात निघाले. मोठ्या बाईंचा हात वाटेत कुणाला तरी आशीर्वाद दिल्यासारखा थबकला, जरा विसावला आणि मग वर पोचला. डॉक्टरांच्या आई वाकल्या त्या इतक्या निवांत, की जमिनीवर काही पडलंय का ते बघून आल्या. सगळ्यांच्या चेहऱ्यावर मात्र शर्यत जिंकल्याचं तेज होतं.

"आई, दमलीस का?" डॉक्टरांनी गोंधळून विचारलं.

"घामाचा एक थेंब दाखव!" त्या म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. निम्म्या कौतुकाच्या, निम्म्या डुलकीतून दचकून जागं झाल्याच्या. आत्या पुढे आली. "आम्ही आता इतक्या चपळ झालोय इतक्या चपळ झालोय की आम्हाला हे सगळं संथ वाटायला लागलंय!" पुन्हा टाळ्या. आई टाळ्या वाजवत नव्हती. आई आधी स्पीकरकडे बघत होती, मग भिंगरीकडे बघायला लागली.

घरी आल्यावर तिनं दार लावून घेतलं.

"हं. बोल."

"काय बोलू?"

"हे बघ, तुझ्या आत्याला मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. एक आणि दोन यांच्यामध्ये तिनं आजवर कुणाला श्वास घ्यायला जागा दिलेली नाही. आणि आज त्या जागेत मी उद्याच्या स्वयंपाकाचा विचार करून परत आले. काय केलंस?"

भिंगरीनं सगळं सांगितलं. दीडपट, पाऊणपट, कंबर, कावळे, प्रगतिपुस्तक, आत्याला लाजवेल अशा एका दमात. मग प्लेअर टेबलावर ठेवला आणि डोळे घट्ट मिटले. "घे. ठेव कपाटात."

"तक्रार कुणाची आली?" आईनं विचारलं.

भिंगरीनं एक डोळा उघडला. "कुणाचीच नाही."

"मग कपाट कसलं? शब्द म्हणजे शब्द. उद्यापासून नेहमीचा वेग लाव. कुणी विचारलं तर सांगायचं, वरची इयत्ता सुरू झाली. मोठ्या बाई तर खूश होतील."

भिंगरीनं आईला गच्च मिठीच मारली. आई हसत हसत सुटली आणि मग अगदी सहज, जणू काही विशेष नाही अशा आवाजात म्हणाली, "तो हळू करायचा खटका कुठला तेवढा दाखवून ठेव मला."

भिंगरीनं आनंदानं दाखवला. आईनं इअरफोन कानात घातले, खुर्चीत मागे टेकली, पाय स्टुलावर घेतले. हळूहळू तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडायला लागल्या. अशी निवांत आई भिंगरीनं कधी पाहिलीच नव्हती. म्हणून आधी तिला बरं वाटलं.

पण मग ते रोजचंच झालं. संध्याकाळ झाली की आई खुर्चीत, पाय स्टुलावर, डोळे मिटलेले. भिंगरी इतिहासाचं पुस्तक छातीशी धरून समोर उभी.

"आई, दे ना आता. माझी परवा परीक्षा आहे."

आई डोळे न उघडता एक बोट वर करायची.

"थांब गं. किती घाई तुला. तुझी आत्या अजून तीनवरच आहे."