तोंडात बोट, चाकात हवा

"बसलं! परत बसलं!"

आत्याबाईंचा आवाज अंगणातून निघाला तो थेट शेजारच्या दवाखान्याच्या खिडकीवर जाऊन आपटला. "काल हवा भरलेली गाडी, आणि आज बघावं तर पुढचं डावं चाक फतकल मारून बसलंय!"

सगळी गल्ली त्यांना आत्याबाई म्हणायची आणि सगळी गल्ली त्यांना वचकून असायची. गाडी मुलाची असली तरी मालकी त्यांची. त्यातून चाकं अलॉयची, ॲल्युमिनियमसारखी चंदेरी. ती धुवायला त्यांनी सुनेलाही कधी हात लावू दिला नव्हता. आपल्या पातेल्यांसारखी लख्ख ठेवली होती, तोंड दिसावं अशी.

मुलगा दात घासत बाहेर आला. "आई, हळूहळू हवा जात असेल कुठून तरी. दाखवून आणतो."

"जात नाही, काढतात! आणि कोण काढतं तेही मी पाहिलंय. ते दातवाले डॉक्टर परवा चाकापाशी उकिडवे बसले होते. मला बघून म्हणे, चप्पल शोधतोय. दोन्ही चपला पायात!"

"पण ते कशाला आपली हवा काढतील?" सूनबाईंनी दारातून विचारलं.

"गाडी त्यांच्या खिडकीखाली उभी राहते ना. खुपते डोळ्यांत!"

त्या दिवशी आत्याबाईंनी कुणाला न सांगता मुलाच्या बुटांचं काळं पॉलिश घेतलं आणि हवा भरतात त्या तोंडावरच्या टोपीला चांगलं थापून लावलं. जो हात लावील त्याची बोटं बोलतील. पहिलं बोट घरातलंच निघालं. मुलगा सकाळी घाईत हवा बघायला वाकला, तोच हात नाकाखालून फिरवला आणि भरघोस मिशी घेऊन ऑफिसला गेला. आत्याबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी पॉलिशचा दुसरा थर दिला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून एक पेशंट बाहेर पडला. त्याच्या गालावर पाच काळी बोटं, वेगवेगळी मोजता यावीत अशी!

आत्याबाई कुंपणापाशी केव्हा पोचल्या ते त्यांनाही कळलं नाही. "डॉक्टर! बाहेर या! हात दाखवा!"

डॉक्टर आले. हात मागे.

"पुढे करा म्हणते ना!"

हात पुढे आला. बोटं कोळशासारखी. एकाला तर पट्टीसुद्धा बांधलेली. गल्ली तोंडात बोट घालून बघत राहिली. इतका सभ्य माणूस, आणि दुसऱ्याच्या चाकाची हवा काढतो?

"आत्याबाई, अहो, मी..."

"बोलूच नका! चाक दाखवून आणते. दोष चाकात निघाला, तर तुमच्या दवाखान्यात येऊन, चार माणसांत हात जोडून माफी मागीन. नाही निघाला, तर तुम्ही मागायची!"

गल्लीने ऐकलं. आता माघार नव्हती. आत्याबाईंना माघारीची गरजही वाटत नव्हती. माफी हा शब्द त्यांनी आजवर फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता.

टायरच्या दुकानात त्या खुर्ची ओढून चाकाच्या अगदी पुढ्यात बसल्या. टायरवाल्याने खिळा शोधला. नाही. वॉल्व्हवर साबणाचा फेस सोडला. बुडबुडा नाही.

"बघ!" आत्याबाई मुलाला म्हणाल्या. "चाक धडधाकट आहे!"

मग टायरवाल्याने अख्खं चाक पाण्याच्या हौदात दाबलं. रबर रिमला टेकतं त्या कडेने बारीक बारीक बुडबुड्यांची माळच वर आली. टायर उतरवला, तर आत रिमच्या काठावर पांढरा, खरखरीत थर.

"रिम खाल्लीये," टायरवाला म्हणाला. "टायर चिकटून बसत नाही, फटीतून हवा जाते. जुन्या चाकांचं होतं असं."

"अहो, पण चाकं नवीन आहेत!" मुलगा म्हणाला. "हो ना गं, आई?"

आत्याबाई खुर्चीतून पुढे वाकल्या. तो पांढरा थर त्यांच्या ओळखीचा होता. ॲल्युमिनियमच्या किटलीचा डाग निघावा म्हणून त्यांनी एकदा संडास धुवायचं ॲसिड ओतलं होतं, तेव्हा किटलीला असंच पांढरं, खरखरीत पुट धरलं होतं. आणि त्याच बाटलीतलं ॲसिड त्या दर आठवड्याला चाकांवर शिंपडत होत्या. चकाकीसाठी!

"आई, काय झालं?"

"काही नाही. उकडतंय."

टायरवाल्याने काठ घासून गुळगुळीत केला, वर चिकट लेप दिला, टायर चढवला आणि चाक पुन्हा हौदात दाबलं. आता बुडबुडा औषधालाही नव्हता.

ॲसिडचं कुणाला कळणार नव्हतं. पण दिलेला शब्द गिळायची त्यांना सवय नव्हती. त्या घरी न जाता तडक दवाखान्यात शिरल्या. बाकावर चार माणसं, खुर्चीत एक पेशंट आ वासून.

"डॉक्टर," आत्याबाईंनी हात जोडले. "डॉक्टर, ते चाक..."

"थांबा, आत्याबाई! मीच कबूल करतो!" डॉक्टर रडकुंडीला आले होते. "हात मीच लावत होतो. रोज. पण हवा काढायला नाही हो, भरायला!" आणि त्यांनी कपाटामागून पायाने मारायचा पंप काढून दाखवला.

आत्याबाई मटकन स्टुलावर बसल्या. "भरायला? तुम्ही? का?"

"चाक बसलं की तुमचा आवाज सुटतो. आवाज सुटला की पेशंट दचकून तोंड मिटतो. आणि माझं बोट आत असतं!" त्यांनी पट्टी नाचवली.

बाकावरच्या चारही माना हलल्या. खुर्चीतलीही हलली.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास टाकला, हातमोजा चढवला आणि ते पुन्हा पेशंटच्या तोंडात वाकले. तेवढ्यात मागून, मुंगीने बोलावं तशा आवाजात, शब्द आले.

"चुकलं माझं."

"काय म्हणालात, आत्याबाई?" डॉक्टरांनी न वळताच विचारलं. "ऐकू नाही आलं."

"ऐकू नाही आलं?" आत्याबाई स्टुलावरून ताडकन उठल्या. "अहो, चुकलं म्हणते मी! चुकलं!"

पेशंटने दचकून तोंड मिटलं.

त्यानंतरची डॉक्टरांची किंकाळी मात्र गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांना ऐकू आली.